पुरस्कार कोणाच्या मतांचा, हे निकालाबरोबर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चित्रपट पुरस्कारांची यादी जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी दोन तक्रारी ठरलेल्या असतात. ज्या सिनेमाने चित्रपटगृहे भरली त्याच्या पदरात काहीच का नाही, ही एक. आणि गर्दी जमली म्हणूनच बक्षीस द्यायचे तर परीक्षक हवेत कशाला, ही दुसरी. आम्ही नाशिकमधली काही मंडळी चित्रपट प्रदर्शन, ध्वनी आणि चित्रपट आस्वाद या कामांत आहोत. आमचे म्हणणे असे, की प्रेक्षकांची पसंती आणि कारागिरांची पारख या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची मोजमापेही निराळी आहेत. दोन्ही एकाच मानचिन्हात कोंबल्या की कोणाचेच मत धड कळत नाही. म्हणून पुरस्कार दोन ठेवावेत. आणि मते कोणी दिली, किती जणांनी दिली, मोजली कशी, हे दोन्हींच्या निकालाबरोबर जाहीर व्हावे.

ही कल्पना नवी नाही. १९२९ मध्ये ऑस्करचा पहिला सोहळा झाला तेव्हा सर्वोत्तम चित्रपटाचे सन्मान दोन होते. भव्य, लोकांना खेचणाऱ्या निर्मितीसाठी एक, तो ‘विंग्ज’ला मिळाला, आणि वेगळ्या वाटेच्या कलात्मक निर्मितीसाठी दुसरा, तो ‘सनराइज’ला. पुढच्याच वर्षी दुसरा सन्मान बंद झाला आणि तेव्हापासून एकाच पुरस्काराने दोन्ही कामे करावीत अशी अपेक्षा सुरू झाली. ती कधीच नीट पुरी झाली नाही. २००९ मध्ये नामांकनांची संख्या ५ वरून १० केली, ती बऱ्याच अंशी लोकप्रिय चित्रपटांना यादीत जागा व्हावी म्हणूनच. ऑगस्ट २०१८ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने लोकप्रिय चित्रपटासाठी स्वतंत्र विभाग जाहीर केला आणि टीका होताच सप्टेंबरमध्ये तो बाजूला ठेवला. त्या विभागात ‘लोकप्रिय’ ठरवायचे कशावरून, याचा निकषच सांगितलेला नव्हता. तिथेच तो अडला, आणि अडायलाच हवा होता.

आपल्याकडचा इतिहास अधिक बोलका आहे. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले तेव्हा विभाग अवघे पाच होते आणि निकाल वाचकांच्या मतांवर लागला होता. त्या वाचकांनी सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून निवडला बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’. कर्जापायी जमीन जाऊ नये म्हणून कोलकात्यात रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट. त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कारही सुरू झाले. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि ‘दो बिघा जमीन’ची दखल सरकारी परीक्षकांनीही घेतली. त्याआधी १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक मुक्काम केला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही मान मिळवला. तेव्हा लोकांची आवड म्हणजे हलकी आवड, हा समज आधी सोडून द्यावा लागतो. प्रेक्षकांना विचारण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते विचारण्याच्या पद्धतीत.

आजची पद्धत म्हणजे ऑनलाइन कौल. संकेतस्थळ उघडा, नावावर बोट ठेवा, झाले. यात पहिली त्रुटी ही, की मत देणाऱ्याने सिनेमा पाहिला आहे का हे कोणी विचारत नाही. दुसरी, एका माणसाची किती मते मोजली जातात ते कळत नाही. ओटीपी लावला तरी तो मोबाइल क्रमांकाला लागतो, माणसाला नाही. एका घरात चार सिम असतील तर चार मते पडतात. तिसरी त्रुटी सगळ्यात मोठी. असा कौल चाहत्यांच्या संघटनेची ताकद मोजतो. २०२२ मध्ये ऑस्करने ट्विटरवर चाहत्यांचा कौल घेतला तेव्हा एका व्यक्तीला दिवसाला २० मते देण्याची मुभा होती. चाहत्यांचा आवडता चित्रपट आणि टाळ्यांचा क्षण, असे दोन कौल होते, आणि दोन्हींत एकाच दिग्दर्शकाचे चित्रपट पहिले आले, कारण त्याचे चाहते आधीपासून संघटित होते. त्यांची त्यात चूक नव्हती, नियमानेच दार उघडे ठेवले होते. पण जगभर कोट्यवधी लोकांनी त्या वर्षी काय आवडीने पाहिले, हे त्या निकालावरून कोणालाही कळले नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्याच पीपल्स चॉइस पुरस्कारांचे. १९७५ मध्ये ते सुरू झाले आणि पुढे बरीच वर्षे त्यांचा निकाल गॅलप या संस्थेच्या नमुना पाहणीवर ठरत असे. पाहणी करणारा लोकांकडे जातो, वय, भाग, उत्पन्न यांचा समतोल राखून माणसे निवडतो आणि विचारतो. ऑनलाइन कौलात ज्याला हौस आहे तोच मतदान करायला येतो. शास्त्रशुद्ध निवडलेल्या हजार-दीड हजार माणसांचे उत्तर हौसेने आलेल्या दहा लाख मतांपेक्षा जास्त भरवशाचे असते, हे निवडणुकीच्या पाहण्या करणारा कोणीही सांगेल. मराठी वाहिन्यांच्या सोहळ्यांपैकी ‘महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?’ याने निदान नावातच कौल पसंतीचा असल्याचे स्पष्ट ठेवले आहे, ते बरे आहे. आक्षेप आहे तो ‘सर्वोत्कृष्ट’ म्हणून कौलाचा निकाल देणाऱ्यांवर.

राष्ट्रीय पुरस्कारांत लोकप्रिय आणि निकोप मनोरंजन करणाऱ्या चित्रपटाचा एक विभाग आहे. तोही परीक्षकच ठरवतात. तिकिटांची मोजणी नाही, प्रेक्षकांची पाहणी नाही. म्हणजे लोकांना काय आवडले असावे याचा अंदाज काही जाणकार बसून बांधतात. हेतू चांगला आहे, पण या विभागाला निदान प्रेक्षकसंख्येचा एखादा आधार जोडायला हवा.

तिकीटबारीचा आकडा हाच प्रेक्षकांचा कौल नाही का, असे बरेच जण विचारतात. त्यात तथ्य आहे, पण तो आकडा एका अटीखाली येतो: सिनेमाला खेळ किती मिळाले आणि कोणत्या वेळेला मिळाले. २०० आसनांचा पडदा धरा. एका चित्रपटाला दिवसाला सहा खेळ आहेत आणि सरासरी ३५ टक्के आसने भरतात. प्रेक्षक झाले ४२०. दुसऱ्याला सकाळी साडेअकराचा एकच खेळ आहे आणि ८० टक्के आसने भरतात. प्रेक्षक झाले १६०. गल्ला पहिल्याचा मोठा, ओढ दुसऱ्याची. मराठी चित्रपटांच्या बाबतीत हा प्रश्न नेहमीचा आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना संध्याकाळची वेळ द्यायचा आग्रह धरला. त्यावर वाद झाला आणि शेवटी दुपारी १२ ते रात्री ९ यांमधली कोणतीही वेळ चालेल असे ठरले. नोकरदार माणूस दुपारी साडेबाराला सिनेमाला जात नाही. कामगार वस्ती असलेल्या सातपूर-अंबडमध्ये तर पाळी सुटण्याच्या वेळा पाहिल्याशिवाय खेळाची वेळ ठरवण्यात अर्थ नाही. म्हणून पसंती मोजायची तर एकूण प्रेक्षक आणि भरलेल्या आसनांची टक्केवारी, दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत. एकाच आकड्यावर निकाल दिला की वितरकाची ताकद मोजली जाते.

आता जाणकारांकडे वळतो. छायालेखन, संकलन, ध्वनी, कला दिग्दर्शन यांचे पुरस्कार प्रेक्षकांच्या मतांवर देऊ नयेत. प्रेक्षकाला समजत नाही म्हणून हे म्हणत नाही. त्याच्यासमोर जे येते ते त्या कारागिराचे मूळ काम असतेच असे नाही, हे कारण आहे.

ध्वनीचेच पाहा. मिश्रण होते त्या स्टुडिओत आवाजाची पातळी प्रमाणित केलेली असते आणि चित्रपटगृहातल्या ध्वनी प्रोसेसरवर त्याच पातळीची खूण म्हणजे फेडर ७ (फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ). त्या खुणेवर खेळ चालला तर पात्राची कुजबुज, पंख्याची घरघर, लांबून येणारी गाडी, सगळे जिथल्या तिथे ऐकू येते. प्रत्यक्षात जाहिराती आणि ट्रेलर कर्णकर्कश असतात, लोक तक्रार करतात, ऑपरेटर फेडर ५ वर किंवा त्याहूनही खाली आणतो आणि मुख्य चित्रपट सुरू झाला तरी तो तिथेच राहतो. मोठे आवाज तरीही मोठेच वाटतात, बारीक आवाज मात्र एसीच्या आवाजात बुडतात. मग प्रेक्षक म्हणतो, संवाद नीट ऐकू येत नाहीत. पुढच्या वेळी निर्माता ध्वनिसंयोजकाला सांगतो, सगळे मोठे करून ठेव. शांततेवर मेहनत घेणाऱ्या माणसाचे काम असे दोनदा मारले जाते. मागच्या बाजूच्या स्पीकरपैकी एखादा बंद असला, तर तेही कोणाच्या लक्षात येत नाही.

चित्राचे तेच. पडद्याच्या मध्यभागी उजेड किती असावा याचे प्रमाण ठरलेले आहे, १४ फूट-लॅम्बर्ट. नव्या मापात ४८ निट्स. प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा त्याच्या ठरलेल्या तासांपलीकडे वापरला, किंवा पडदा वर्षानुवर्षे धुळीने मळला, की हा उजेड अर्ध्यावर येतो. भर दुपारच्या दृश्यात फारसे जाणवत नाही. कंदिलाच्या उजेडातल्या रात्रीच्या दृश्यात मात्र भिंत, साडीचा काठ, चेहऱ्याची सावलीकडची बाजू हे सगळे एकाच काळपट डागात जाते. छायालेखकाने त्या सावलीतच काम केलेले असते. अशा पडद्यावर पाहिलेल्या चित्रावरून त्याला मत द्यायचे किंवा नाकारायचे, हे योग्य नाही.

म्हणूनच आमची मागणी परीक्षकांनाही तितकीच लागू आहे. तांत्रिक विभागांसाठी चित्रपट मोजमाप करून घेतलेल्या चित्रपटगृहात, डीसीपीवरून (चित्रपटगृहासाठीच्या डिजिटल प्रतीवरून), फेडर ७ वर दाखवला गेला पाहिजे. लॅपटॉपवर लिंक उघडून आणि कानात इअरफोन घालून ध्वनीचा पुरस्कार ठरवता येत नाही. राज्य पुरस्कारांत कला दिग्दर्शनाचा सन्मान साहेबमामा फत्तेलाल यांच्या नावाने आहे, छायालेखनाचा पांडुरंग नाईक यांच्या. ही नावे ज्यांच्या कामावरून दिली, त्यांचे काम मोठ्या पडद्यासाठी होते.

जाणकारांच्या निवडीत गडबड कुठे होते? पहिली, सिनेमा न पाहता मत देणे. ही शंका जगभर होती. शेवटी २०२५ मध्ये ऑस्करच्या अकादमीने नियमच केला: अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचे त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. अकादमीच्या स्वतःच्या ऑनलाइन दालनात पाहिल्याची नोंद होते. बाहेर पाहिला असेल तर कुठे आणि केव्हा हे लिहून द्यावे लागते. नव्वदीच्या पुढे गेलेल्या संस्थेला हा नियम इतक्या उशिरा करावा लागला, यावरून दुखणे किती जुने होते ते दिसते.

दुसरी गडबड हितसंबंधांची. मराठी चित्रपटसृष्टी लहान आहे. परीक्षक म्हणून बसलेला संकलक पुढच्या महिन्यात स्पर्धेतल्याच निर्मात्याकडे काम करणार असतो. यात कोणाच्या चारित्र्यावर शंका घ्यायचे कारण नाही, नियम हवा. ज्या चित्रपटाशी परीक्षकाचा गेल्या दोन वर्षांत व्यवहार आहे, त्याच्या चर्चेच्या वेळी त्याने खोलीबाहेर जावे आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. आयोजक वाहिनीने ज्या चित्रपटांचे प्रक्षेपण हक्क घेतले आहेत, त्यांची यादीही नामांकनांबरोबर छापावी.

तिसरी गडबड गुणांच्या बेरजेची, आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. पाच परीक्षक आहेत, प्रत्येकाने १०० पैकी गुण द्यायचे आहेत. चौघांनी पहिल्या चित्रपटाला ८० आणि दुसऱ्याला ७६ दिले. पाचव्याने पहिल्याला ५० आणि दुसऱ्याला ९५ दिले. बेरीज करा: पहिला ३७०, दुसरा ३९९. चौघांचे मत एका बाजूला आणि निकाल दुसऱ्या बाजूला. पाचव्याने मुद्दाम केले असेल असेही नाही. काही परीक्षकांचा हात सढळ असतो, काहींचा आखडता, आणि ज्याच्या गुणांत चढउतार जास्त त्याचे वजन आपोआप वाढते. उपाय सोपा आहे. गुण स्वतःच्या टिपणासाठी ठेवा, समितीपुढे फक्त क्रम द्या. क्रम लावला की वरच्या उदाहरणात चार विरुद्ध एक असा निकाल स्वच्छ लागतो. एकांकिका स्पर्धा, वक्तृत्व स्पर्धा यांच्या आयोजकांनीही हे एकदा कागदावर करून पाहावे.

मतदार जास्त असतील तर पसंतीक्रमाची मोजणी करावी. १०० मतदार आणि चार चित्रपट. पहिल्या पसंतीची मते ३६, २८, २० आणि १६. साध्या मोजणीत ३६ वाला जिंकतो, जरी ६४ जणांनी दुसरेच काही निवडलेले असले तरी. पसंतीक्रमाच्या मोजणीत १६ वाला बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहिली जाते. समजा त्यांतल्या १० दुसऱ्या चित्रपटाला गेल्या, ४ तिसऱ्याला, २ पहिल्याला. आता स्थिती ३८, ३८ आणि २४. मग २४ वाला बाद. त्याच्या १५ पत्रिका दुसऱ्याला, ९ पहिल्याला. निकाल: दुसरा ५३, पहिला ४७. ऑस्करचा सर्वोत्तम चित्रपट २००९ पासून असाच ठरतो, बाकीच्या विभागांची अंतिम मोजणी मात्र साधीच असते. या पद्धतीचा तोटाही सांगायला हवा. धाडसी, प्रेक्षकांत दोन तट पाडणारा चित्रपट मागे पडू शकतो आणि कोणालाच न खटकणारा पुढे येतो. आम्हाला ही किंमत मोठ्या मतदारसंघासाठी परवडणारी वाटते. लहान समितीत मात्र धाडसी चित्रपटाची बाजू मांडायला समोरासमोर चर्चा होते, म्हणून तिथे चर्चा आधी आणि क्रम नंतर हेच ठीक.

आणि समिती लहान असण्याचा खरा फायदा तोच आहे. तिकीटबारीचा दबाव सुरू होण्याआधी ती चित्रपट पाहू शकते. ‘सैराट’मधल्या कामासाठी रिंकू राजगुरूचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला तो मार्च २०१६ मध्ये, चित्रपट लोकांसमोर आला एप्रिलच्या अखेरीस. पुढे लोकांनी काय केले ते सर्वांना माहीत आहे. त्याच्या आदल्या वर्षी सर्वोत्कृष्ट ठरलेला ‘कोर्ट’ गर्दीचा चित्रपट नव्हता, आणि परीक्षक नसते तर त्याचे नाव सिनेमाच्या अभ्यासकांपलीकडे पोचले नसते. या दोन निवडींमुळेच आम्ही जाणकारांचा पुरस्कार टिकवावा म्हणतो. राष्ट्रीय पुरस्कारांची रचनाही त्यासाठीच दोन पातळ्यांची केली आहे. पाच विभागीय समित्या आपापल्या भाषांचे चित्रपट आधी पाहतात, मराठी चित्रपट पश्चिम विभागाकडे जातात, आणि विभागांचे अध्यक्ष मध्यवर्ती समितीत बसतात. त्यामुळे प्रत्येक विभागाचे चित्रपट पाहिलेला माणूस शेवटच्या खोलीत असतो. उणीव एवढीच, की कोणत्या चित्रपटाच्या बाजूने किती जण होते हे कधी बाहेर येत नाही. नावे गुप्त ठेवा, आकडा तरी सांगा: एकमत, की बहुमत.

आता नाशिकचे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे; त्यांच्या हिंदुस्तान फिल्म कंपनीचे चित्रपट नाशिकमध्ये तयार झाले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधनही इथेच झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याला त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या नावाने शहरात महोत्सव, पुरस्कार, स्पर्धा भरवण्याच्या कल्पना वरचेवर निघतात. जो कोणी असा उपक्रम हाती घेईल, त्याने प्रेक्षक पुरस्काराची पद्धत पहिल्याच वर्षी नीट बसवावी. ती महागही नाही.

ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की एकेक मतपत्रिका होते. १००० मतपत्रिकांना २५० कागद लागतात, अर्धे रिम. पत्रिकेच्या कडेला १ ते ५ आकडे छापायचे. प्रेक्षकाने आपल्या पसंतीच्या आकड्यापाशी कागद किंचित फाडायचा. पेन लागत नाही, अंधारातही जमते, आणि रॉटरडॅमच्या महोत्सवात प्रेक्षक पुरस्कारासाठी याच धर्तीची पद्धत रुळलेली आहे. पत्रिकांवर अनुक्रमांक हवा. पत्रिका आत जाताना तिकिटाबरोबर द्यायची, बाहेर पडताना नाही. हा मुद्दा बारीक वाटतो, पण निकाल त्यावर फिरतो. पत्रिका शेवटी वाटल्या तर मध्यंतरात कंटाळून गेलेल्यांचे मत गळते आणि उरलेल्यांची सरासरी खोटी चढते. आत जाताना दिल्या की किती वाटल्या आणि किती परत आल्या हे समजते. निम्म्याहून कमी परत आल्या तर त्या खेळाचा निकाल धरू नये. पेट्या दोन ठेवाव्यात, दोन्ही दारांना एकेक, आणि श्रेयनामावली संपेपर्यंत दारे उघडू नयेत. गर्दीच्या रेट्यात निम्मे लोक पेटीपाशी थांबतच नाहीत.

निर्मात्याने घेतलेल्या घाऊक तिकिटांवर आणि कलाकार-तंत्रज्ञांच्या पाहुण्यांना पत्रिका देऊ नये. पहिल्या खेळाला निम्मे सभागृह नातेवाइकांचे असते, ते पाचाशिवाय दुसरा आकडा फाडत नाहीत.

मोजताना अजून एक अडचण येते. एका चित्रपटाला ६० पत्रिका आणि सरासरी ४.६, दुसऱ्याला ४२० पत्रिका आणि सरासरी ४.४. पहिला क्रमांक कोणाचा? थोड्या मतांची सरासरी सहज वरखाली होते, म्हणून प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात महोत्सवाच्या एकूण सरासरीच्या ५० पत्रिका आधीच टाकायच्या. एकूण सरासरी ३.८ धरली तर पहिल्याची बेरीज २७६ अधिक १९०, भागिले ११०, म्हणजे ४.२४. दुसऱ्याची १८४८ अधिक १९०, भागिले ४७०, म्हणजे ४.३४. दुसरा पुढे जातो. ६० ऐवजी १५० जणांनी ४.६ दिले असते तर पहिलाच ४.४० वर जिंकला असता, म्हणजे लहान चित्रपटावर अन्यायही होत नाही. ५० हा आकडा महोत्सव सुरू होण्याआधी ठरवून जाहीर करायचा, नंतर नाही.

पेट्या फक्त कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या आसपास ठेवल्या तर तो नाशिकचा कौल होणार नाही. नाशिकरोड, पंचवटी, आणि जिल्ह्यात जिथे जिथे चित्रपटगृह चालू आहे तिथे त्या पोचल्या पाहिजेत. मालेगाव तर वगळूच नये. तिथल्या लोकांनी तुटपुंज्या पैशांत स्वतःचे चित्रपट काढले, गावातच दाखवले आणि गावाने ते तिकीट काढून पाहिले. प्रेक्षकाच्या आवडीशी इतके थेट नाते असलेले गाव जिल्ह्यात असताना प्रेक्षक पुरस्कार शहरापुरता ठेवणे बरोबर नाही.

राहिला वर्षाचा प्रश्न. राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रपट कोणत्या वर्षाचा हे सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवरून ठरते. डिसेंबरात प्रमाणपत्र मिळाले आणि फेब्रुवारीत प्रदर्शित झाला, तर तो मागच्या वर्षाचा. परीक्षकांच्या पुरस्काराला हे चालते, कारण त्यांना चित्रपट प्रदर्शनाआधीही दाखवता येतो. प्रेक्षक पुरस्काराला हे चालणार नाही. तिथे प्रदर्शनाची तारीखच धरावी लागेल. त्यामुळे एकच चित्रपट दोन पुरस्कारांत दोन वेगळ्या वर्षांत दिसेल. आयोजकांनी ते नियमावलीत आधीच लिहून ठेवावे.

आपल्याला विनंती एवढीच, की पुरस्कारांची बातमी छापताना विजेत्यांच्या नावांखाली एक ओळ ठेवावी: मतदार किती आणि कोण, चित्रपट कुठे पाहिले, मोजणी कोणत्या पद्धतीने. आयोजकांनी ती माहिती दिली नसेल, तर ‘माहिती दिली नाही’ असे छापावे.

कळावे,
आपले,
चित्रपट प्रदर्शन व ध्वनी क्षेत्रातील काही वाचक,
नाशिक